बाजेची वीण सैल पडते तेव्हा



दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय आपल्या शरीराचा आहे, त्यातही आपण ज्याबद्दल कुजबुजतो त्या भागाचा आहे. घरात पुरुषमाणसं असतील तर रेडिओ बंद करू नका. त्यांनीही ऐकलेलं बरं.

सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या प्रभागातल्या एका गटात एक काकू आहेत. वय पंचावन्नच्या आसपास. नाव सांगणार नाही, पण ही गोष्ट रेडिओवर सांगा असं त्यांनीच आम्हाला सांगितलं आहे. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या त्या सभासद. बचतीचा हप्ता कधी चुकला नाही. पण मागच्या वर्षी त्या बैठकीला येईनाशा झाल्या. पैसे सुनेच्या हाती पाठवायच्या. आपल्या गटांचा नियम तुम्हाला माहीतच आहे, न कळवता गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. चार बैठकांचे चाळीस रुपये त्यांच्या नावावर चढले. पाचव्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, काकूंना आता गटात रस नाही, नाव कमी करा. आम्ही तसा ठराव लिहायलाही घेतला होता.

आशाताई म्हणाल्या, ‘आधी घरी जाऊन विचारू तरी या.’

गेलो. काकूंनी उभ्या उभ्या चहा केला, उभ्या उभ्या दिला. आम्ही म्हटलं, ‘काकू, बसा की जरा.’ त्या म्हणाल्या, ‘बसवत नाही गं.’ मग त्यांनी सुनेला शेळीला पाणी पाजायला पाठवलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, ‘अंग बाहेर येतंय. नऊ वर्षं झाली.’

नऊ वर्षं! लेकीला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं. आत कापडाचा बोळा ठेवायच्या, वरून घट्ट लंगोट बांधायच्या आणि शेतात जायच्या. खोकला आला की लघवी सुटायची. बैठकीत सतरंजीवर डाग पडला तर काय, वास आला तर काय, या भीतीने त्यांनी येणं सोडलं होतं. आणि आम्ही वहीत दंड लिहीत होतो.

दंड त्याच दिवशी खोडला. पण परत येताना आम्ही तिघी गप्प होतो. अंग बाहेर येतं म्हणजे नेमकं काय येतं, कुठून येतं, का येतं, हे आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. बीए झालेल्या आम्ही, पण आपल्याच शरीराचा तळ आम्हाला ठाऊक नव्हता. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. उपकेंद्रातल्या सिस्टरांजवळ बसून सगळं समजून घेतलं. आणि घरातल्या पोरीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, कारण त्यात ऊतींची माहिती आहे. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपलं शरीर अगदी बारीक पेशींचं बनलेलं आहे. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. एकटीची बचत म्हणजे पेशी आणि दहा जणींचा गट म्हणजे ऊती, असं समजा. शरीरात मुख्य चार प्रकारच्या ऊती आहेत. पहिली स्नायू ऊती, ती आखडते आणि सैल होते, त्यामुळे हालचाल होते. दुसरी संयोजी ऊती, म्हणजे बांधून ठेवणारी, आधार देणारी. तिसरी चेता ऊती, निरोप पोचवणारी. चौथी अभिस्तर ऊती, म्हणजे वरून आणि आतून अस्तर घालणारी, जशी आपली कातडी किंवा तोंडाच्या आतला ओला पडदा. हृदय घ्या, पोट घ्या, गर्भाशय घ्या, कुठलाही अवयव या ऊती मिळून तयार होतो.

आता एक करून बघा. हातातलं काम क्षणभर ठेवा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा आणि तळहात वर करा. द्रोणासारखा आकार झाला ना? आपल्या ओटीपोटाचा तळ असाच असतो.

किंवा आपली बाज आठवा. बाजेला चौकट असते आणि चौकटीत सुतळीची वीण असते. आपल्या कमरेची हाडं ही चौकट. पुढे ओटीपोटाच्या खाली हाताला लागतं ते हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना कमरेची हाडं. या चौकटीत पुढून मागे स्नायूंची वीण ताणून बसवलेली आहे. त्या विणीवर तीन अवयव आहेत. पुढे मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी. मधे गर्भाशय. मागे गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, जिथे शौच साठते. या तिघांच्या वाटा विणीतून खाली येतात. लघवीची वाट पुढे, बाळाची वाट मधे, शौचाची वाट मागे. तीन वाटा वेगवेगळ्या आहेत. ‘लघवी आणि बाळ एकाच वाटेने येतं’ असं अनेक जणींना वाटतं, तसं नाही.

गर्भाशयाला नुसता खालून आधार नाही. ते वरून आणि बाजूंनी दोऱ्यांनी बांधलेलंही आहे. आपल्या आज्या दुधाचं गाडगं शिंक्यात टांगून ठेवायच्या. गाडग्याला शिंकं जसं, तसे गर्भाशयाला हे बंध. म्हणजे खालून बाज आणि वरून शिंकं, असा दुहेरी बंदोबस्त निसर्गाने केलेला आहे. एरवी हे गर्भाशय असतं केवढं? मुठीएवढं, उलट्या पेरूच्या आकाराचं. नऊ महिने भरले की फक्त गर्भाशयाचंच वजन जवळजवळ एक किलो होतं. त्यात बाळ अडीच-तीन किलोचं, वार आणि पाणी वेगळं. हा सगळा भार त्याच विणीवर.

आता आपल्या चार ऊती इथे काय काम करतात ते पाहू. काय बिघडलं आणि काय सुधारता येईल, हे त्यावरूनच कळतं.

बाजेची वीण म्हणजे स्नायू ऊती. शरीरात काही स्नायू आपल्या हुकमात नसतात. आतडं, मूत्राशयाची भिंत, गर्भाशयाची भिंत, हृदय. त्यांना ‘थांब’ म्हटलं तरी ते थांबत नाहीत. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे आपल्या हुकमातले आहेत. चारचौघांत बसल्यावर आपण गॅस रोखून धरतो, एसटीत लघवी दाबून धरतो, ते याच स्नायूंच्या जोरावर. आणि जो स्नायू हुकमातला आहे तो व्यायामाने मजबूत करता येतो. ही आजची सगळ्यात चांगली बातमी.

शिंक्याच्या दोऱ्या म्हणजे संयोजी ऊती. हाडं, रक्त, चरबी आणि हे बंध सगळे याच प्रकारात मोडतात. बंध चिवट असतात, पण त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा. ते फार ताणले गेले तर पुन्हा आधीसारखे आखूड होत नाहीत. जुन्या परकराच्या नाडीच्या रबरासारखं. म्हणून बंध खूप सैल पडले तर नुसत्या व्यायामाने ते आवळले जात नाहीत. तिथे डॉक्टरांची मदत लागते.

निरोप पोचवणाऱ्या तारा म्हणजे चेता ऊती. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून मज्जातंतू निघतात आणि या स्नायूंना ‘आवळ’, ‘सोड’ असे निरोप देतात. बाळाचं डोकं खाली येताना स्नायूंबरोबर या ताराही ताणल्या जातात. म्हणून बाळंतपणानंतर काही दिवस हसलं, शिंकलं की लघवी सुटते. बऱ्याच जणींचं हे काही महिन्यांत सुधारतं. पण तेवढ्यात विसाव्याऐवजी ओझं आलं तर सुधारायला वाव मिळत नाही.

आणि अस्तर म्हणजे अभिस्तर ऊती. योनीमार्गाचं अस्तर आत ओलसर राहण्यासाठी बनलेलं आहे. ते बाहेर आलं की वाऱ्याने सुकतं, लुगड्याला घासतं, त्यावर जखमा होतात, रक्त येतं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. मग हे अस्तर पातळ होतं, जळजळतं, आणि खालचा आधारही ढिला पडतो. म्हणून तरुणपणी झालेली इजा पन्नाशीनंतर वर येते. काकूंचं तसंच झालं होतं.

आता तुम्ही विचाराल, बाळंतपण तर सगळ्यांचंच होतं, मग सगळ्यांचं अंग बाहेर का येत नाही? बाळंतपण हे मोठं कारण आहे, पण एकटं नाही. ते समजायला आपल्या पोटाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डब्याचं झाकण म्हणजे छातीखालचं श्वासपटल. पुढे पोटाचे स्नायू, मागे पाठीचा कणा, आणि बूड म्हणजे आपली ही वीण. सोयाबीनच्या भरलेल्या कट्ट्याला वरून दाबलं तर जोर कुठे जातो? बुडाला. तसंच शरीरात होतं. श्वास कोंडून जड उचललं की जोर तळाला जातो. खोकलं की जोर तळाला. शौचाला कुंथलं की जोर तळाला.

पुस्तकात श्वसनसंस्थेचा धडा वेगळा, पचनसंस्थेचा वेगळा, उत्सर्जनसंस्थेचा वेगळा, प्रजननसंस्थेचा वेगळा. शरीरात मात्र त्या सगळ्या शेजारणी आहेत, एकीचं दुखणं दुसरीच्या दारात जातं. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं खोकला असेल, तर तो फुप्फुसाचा आजार गर्भाशयाला खाली ढकलतो. बद्धकोष्ठ असेल, तर आतड्याचा आजार लघवीच्या पिशवीला खाली ओढतो. म्हणून आपली तक्रार खालची असली तरी डॉक्टरांनी खोकला आणि शौच विचारलं तर नवल वाटून घेऊ नका.

आणि आता ओझं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर, कमरेवर कळशी, दिवसाला किती खेपा? याचा हिशोब आपण कधी केला नाही. ओली बाळंतीण आठव्या-दहाव्या दिवशी हंडा उचलते तेव्हा तिचं गर्भाशय अजून मोठंच असतं. ते मूळच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपल्याकडे सव्वा महिन्याचा विसावा सांगितला आहे तो जवळजवळ तेवढाच. सव्वा महिना विटाळ म्हणून पाळायचा नाही, वीण आणि बंध सावरावेत म्हणून पाळायचा, हे सासूबाईंनी सुनेला सांगावं, आणि लेकाला आधी सांगावं, म्हणजे पाणी तो भरेल.

आणखी दोन कारणं आहेत. बाळंतपणात पिशवीचं तोंड पुरतं उघडण्याआधी जोर लावणं आणि बाहेरून कुणी पोट दाबणं. ‘लाव जोर, लाव जोर’ असं घरच्यांनी ओरडायचं नसतं. सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील तेव्हाच जोर लावायचा.

आता खुणा ऐका. ओटीपोटात जड वाटणं, खाली काहीतरी ओढल्यासारखं होणं. संध्याकाळपर्यंत वाढणं आणि आडवं झालं की बरं वाटणं. खाली गोळा हाताला लागणं. खोकताना, हसताना लघवी सुटणं. किंवा याउलट, लघवी पुरती न होणं, परत परत जावं लागणं. शौचाला जोर करावा लागणं. कमरेत खालच्या बाजूला दुखणं. नवऱ्याजवळ जाताना त्रास होणं. यातलं काही असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सुरुवातीला अंग थोडंसंच खाली सरकतं, मग योनीच्या तोंडापर्यंत येतं, मग बाहेर. पहिल्या पायरीवर सांगितलं तर इलाज सोपा असतो. यात कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही, वारं शिरलेलं नाही. विणीवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला, एवढाच त्याचा अर्थ.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर थांबायचंच नाही. लघवी अडकली, बाहेर आलेला भाग आत जाईना, त्यावर जखम झाली, रक्त आलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, ताप आला. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते थेंबभर का असेना, लगेच डॉक्टरांना दाखवा. तो वेगळ्या, मोठ्या आजाराचाही इशारा असू शकतो.

दोन गोष्टी करू नका. लघवी सुटते म्हणून पाणी पिणं कमी करू नका. त्याने लघवीला जळजळ होते, जंतू वाढतात आणि शौच कडक होते, म्हणजे पुन्हा कुंथणं आलंच. आणि कापडाचा बोळा आत ठेवू नका. काकूंना त्यानेच आत जखम झाली होती.

आता व्यायाम. रेडिओ ऐकता ऐकता करू या, शेजारच्या माणसाला कळणारसुद्धा नाही. बसलेल्या असाल तर पाठ ताठ करा. ज्यांना बसवत नाही त्यांनी आडवं पडून गुडघे वाकवा. गॅस रोखताना जो भाग आवळतो तो आठवा. आता तोच भाग आवळा आणि आतल्या बाजूला वर ओढा. मांड्या आवळायच्या नाहीत, कुल्ले आवळायचे नाहीत, पोट ढकलायचं नाही. श्वास चालू ठेवा. मनात पाच आकडे मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. सोडा. आता पाच आकडे विसावा. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पाचपर्यंत जमत नसेल तर दोन-तीनपासून सुरू करा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी भाकरी खाऊन टेकल्यावर, रात्री अंथरुणावर. लघवी करताना मधेच धार तोडून हा व्यायाम करायचा नाही. त्याने लघवी आत राहण्याची सवय लागते.

दुसरी सवय अशी. खोकला, शिंक येणार असं वाटलं किंवा काही उचलायचं असलं की आधी तळ आवळायचा, मग उचलायचं. गुडघ्यात वाकायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, श्वास कोंडायचा नाही. आठवड्यात फरक दिसणार नाही. तीन-चार महिने नेटाने करावं लागतं. आपण वीस रुपये टाकले म्हणून दुसऱ्या दिवशी कर्ज मागत नाही, तसंच हे.

व्यायामाने भागत नसेल तर काय? तेव्हा डॉक्टर रिंग बसवतात. सिलिकॉन किंवा प्लास्टिकची मऊसर गोल रिंग असते, ती आत राहून गर्भाशयाला आधार देते. ऑपरेशन लागत नाही. पण दर काही महिन्यांनी तपासून, धुऊन घ्यावी लागते. बसवून विसरायची नाही. आणि त्यापुढचा उपाय शस्त्रक्रिया. तिच्यात सैल झालेला आधार शिवून, वर बांधून पक्का करतात. काही वेळा गर्भाशय काढतात, काही वेळा ठेवूनही ऑपरेशन करता येतं.

इथे जरा नीट लक्ष द्या. ‘पिशवी काढली की झालं’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण बाजेची वीण सैल झाली म्हणून बाजेवरचं गाठोडं उचलून टाकलं, तर वीण घट्ट होते का? होत नाही. नुसतं गर्भाशय काढलं आणि तळ दुरुस्त केला नाही, तर पुढे योनीमार्गाचा वरचा भागच खाली येऊ शकतो, लघवीची पिशवी येऊ शकते.

आमच्या दुसऱ्या एका गटातल्या बत्तीस वर्षांच्या ताईला अंगावरून पांढरं जायचं. एका ठिकाणी पाच मिनिटांच्या तपासणीत तिला सांगितलं, पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ती गटाकडे तीस हजारांचं कर्ज मागायला आली म्हणून आम्हाला कळलं. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. जंतूंमुळे दाह झाला होता. नवरा-बायको दोघांना औषध दिलं आणि ती बरी झाली. भीतीपोटी गेलेल्या गर्भाशयांची गोष्ट आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिली आहे. ऊसतोडणी करणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशयं कमी वयात काढली गेल्याचं समोर आलं, तेव्हा 2019 साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

कधी कधी गर्भाशय काढणं खरंच गरजेचं असतं. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींनी रक्तस्राव थांबत नसेल, तर घाबरून टाळूही नये. पण हो म्हणण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. पाठ करून ठेवा. आजाराचं नाव काय, ते कागदावर लिहून द्याल का? औषध, व्यायाम किंवा रिंग यांनी भागेल का? गर्भाशय काढताना अंडाशयं ठेवणार की काढणार? कारण अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचं वय अचानक ओढवतं, अंगातून गरम वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. चौथा, अंग खाली आलं म्हणून काढत असाल तर तळही शिवणार का? आणि पाचवा, घाई आहे का, की दुसऱ्या डॉक्टरांना विचारून येऊ? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, आपलं ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का, हे त्यांना विचारा. सावकाराच्या दारात त्याआधी जाऊ नका.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आशाताई त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. आधी जखमेवर औषध झालं, मग रिंग बसवली. ऑपरेशनचाही पर्याय डॉक्टरांनी समजावला. काकू म्हणाल्या, यंदाची सुगी होऊ दे, मग बघू. लघवी अजून थोडी सुटते, व्यायाम चालू आहे. पण त्या बैठकीला येतात. त्यांच्यासाठी आम्ही समाजमंदिरात खुर्ची ठेवतो. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसायला लाजल्या, कारण बाकी सगळ्या सतरंजीवर. मग त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं, मला काय होतंय ते. त्या बैठकीनंतर चप्पल शोधत, पदर सावरत तीन जणी मागे रेंगाळल्या. आम्ही ओळखलं.

आमच्या गटांनी तेव्हापासून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर तुमच्या वहीतही लिहा. एक, सलग दोन बैठकांना कुणी आली नाही तर दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. दोन, बैठक संपली की पाच मिनिटं तळाचा व्यायाम, सगळ्यांनी मिळून. तीन, गटात कुणी बाळंत झाली की सव्वा महिना तिचं पाणी कोण भरणार, हे तिच्या घरी जाऊन, तिच्या नवऱ्यासमोर ठरवायचं.

मैत्रिणींनो, बाजेची वीण सैल पडली तर आपण बाज फेकून देत नाही. पायाकडची दोरी ओढतो, पुन्हा ताणतो, अगदीच नाही जमलं तर विणणाऱ्याला बोलावतो. आधी मात्र कुणाला तरी सांगावं लागतं की पाठ जमिनीला टेकतेय. ते सांगा. लेकीला सांगा, जावेला सांगा, आशाताईंना सांगा. नऊ वर्षं थांबू नका.

आज संध्याकाळी चहा उकळायला ठेवाल तेव्हा दहा वेळा आवळा आणि सोडा. आठवण म्हणून एवढंच.